गोधडीचे तास

कुलूपवाल्याने दार उघडलं, हत्यारं पिशवीत टाकली आणि म्हणाला, "एका तासाचे." तो काय म्हणतोय ते तिला आधी कळलंच नाही. दार वाऱ्याने धाडकन लागलं होतं, किल्ली आत टेबलावर राहिली होती, आणि ती आणि नवरा बाहेर जिन्यात परक्यासारखे उभे होते. नवऱ्याच्या हातात पावाची पिशवी होती. कुलूपवाला आला, गुडघ्यावर बसला, शीळ घालत एक बारीक तार आत सरकवली, आणि शिळेतलं गाणं कडव्यापर्यंत पोचायच्या आत दार उघडलं. "अहो, पण तास कुठे झाला?" ती म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं, मनात आलं ते तोंडातून गेलं. "ताई, तास कमीत कमी धरतो आम्ही," तो म्हणाला. "येणं-जाणं धरून." आवाज चढलेला नव्हता, त्यात अजिजीही नव्हती. किती वाजले विचारल्यावर माणूस सांगतो तसं त्याने सांगितलं. तिने पैसे दिले. एक जास्तीची किल्ली शेजारी ठेवत जा, असा सल्ला फुकटात देऊन तो शीळ घालत जिना उतरला. "लुटतात लेकाचे," नवरा म्हणाला आणि आत जाऊन पाव कापायला बसला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

ती खिडकीच्या खोलीत गेली. या खोलीत एक पलंग, एक शिवणयंत्र आणि भिंतीला लावलेलं कपाट. उरलेल्या जागेतून चालायचं तर अंग चोरून चालावं लागे. पलंगावर औषधवालीची गोधडी पसरलेली होती. औषधवाली म्हणजे कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान चालवणारी बाई. तिची आई गेली, आणि आईच्या कपड्यांच्या दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन ती आली होती. टाकून देववत नाहीत, कपाट उघडवत नाही, तुम्हीच काय ते करा, म्हणाली होती. त्या कपड्यांचे आता चौकोन झाले होते, चौकोनांच्या ओळी झाल्या होत्या, खाली कापसाचा थर आणि अस्तर लागलं होतं, कच्चे टाके घालून झाले होते. आता उरला होता तो बारीक धावदोरा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, शेतात नांगर फिरावा तसा. तिने अंगुस्तान बोटात घातलं, सुई ओवली, पण हात पुढे जाईना. येणं-जाणं धरून. मग आपण काय काय धरतो? कुणी कपडे आणून दिले की ते आधी धुवायचे. परक्या घराचा वास जाईपर्यंत वाळवायचे. इस्त्री करायची. शिवणी उसवायच्या, बटणं काढायची, कापड कुठे विरलंय ते खिडकीच्या उजेडावर धरून बघायचं. मग कापणं, मांडणं. आणि मांडल्यावर नुसतं बघणं. दारात उभं राहून बघायचं, एक निळा तुकडा उचलून तिकडे ठेवायचा, चहा करून आणायचा आणि पुन्हा बघायचं, मग निळा तुकडा होता तिथेच परत. या बघण्यात सगळ्यात जास्त वेळ जाई आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बघण्याचे कसले पैसे, असं कुणी म्हणालं असतं तर तिच्याकडे उत्तर नव्हतं. गोधडीचे म्हणून एक ठरलेले पैसे होते. तो आकडा फार वर्षांपूर्वी नणंदेने ठरवला होता, "एवढे घे, याहून जास्त बरं दिसणार नाही," असं म्हणून. नंतर तो वाढला, पण प्रत्येक वेळी तिने तो अपराध्यासारखा वाढवला होता, दोरा किती महागलाय हे आधी सांगून.

जेवणानंतर ती स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून खिडकीच्या खोलीत घेऊन आली. हे तिला स्वतःलाच विचित्र वाटलं, कारण या खोलीत तिने कधी घड्याळ येऊ दिलं नव्हतं. लग्नाआधीपासून ती शर्टाच्या कारखान्यात होती. कॉलर उलटवायचं काम. तिथे एक देखरेखीची बाई होती, गळ्यात दोरीला घड्याळ अडकवलेली. पोरी तिला घड्याळबाई म्हणत. ती कधीही मागे येऊन उभी राही, काही बोलत नसे, घड्याळ हातात घेई आणि एक कॉलर उलटायला किती वेळ लागतो ते बघे. मानेवर तो श्वास आला की बोटं आपोआप पळायला लागत, आणि बोटं पळाली की दुसऱ्या दिवशी तोच वेग सगळ्यांच्या माथी बसे. मुतारीत जाऊन यायलासुद्धा हिशेब होता. कारखाना बंद पडला तेव्हा बायका फाटकाशी रडल्या. तीही त्यांच्यात उभी होती, चेहरा पाडून, पण घरी चालत येताना तिला जाणवलं की आपण जवळजवळ नाचत चाललोय. त्या दुपारी ती ढाराढूर झोपली. उठली तेव्हा किती वाजलेत हे तिला माहीत नव्हतं, आणि न कळणं इतकं गोड असतं हे तोवर ठाऊक नव्हतं. गोधड्या त्या गोड, बिनघड्याळाच्या वेळात सुरू झाल्या. आणि आता तेच घड्याळ तिने स्वतःच्या हाताने आणून शिवणयंत्रावर, स्वतःच्या समोर ठेवलं होतं. ती टाके घालायला लागली तर बोटं पळू लागली. तिने थांबून त्यांना दटावलं. अगं, तुझ्यामागे कुणी नाही उभं. नेहमीसारखी शीव, नेहमी जेवढा वेळ लागतो तेवढाच लागू दे.

औषधवालीची गोधडी पूर्ण होईपर्यंत तिने घड्याळ हलवलं नाही. आधी जो वेळ गेला होता तो अंदाजाने धरला, आणि तोसुद्धा कमीच धरला, बघण्याचा तर निम्माच. मग भाजी चिरता चिरता तिने मनातल्या मनात भागाकार केला. आकडा आला तो तिने खोटा ठरवला आणि पुन्हा केला. तरी तोच. त्यांचा जिना धुवायला येणाऱ्या बाईला तासाला जे मिळत, त्याच्या निम्मेसुद्धा होत नव्हते. सुरी खाली ठेवून ती उभी राहिली. आश्चर्य म्हणजे तिला राग आला नाही. लाज वाटली. झग्याची मागची बाजू कशात तरी अडकून वर राहिलेली असावी, आपण तशाच सगळ्या रस्त्यातून हसतमुखाने चालत आलेलो असावं, लोकांनी पाहिलं असावं आणि कुणी बोललं नसावं, तशी. इतकी वर्षं. लोक म्हणत, तुमच्या हाताला काय गुण आहे. लोक म्हणत, तुमचा वेळ छान जात असेल नाही? आणि ती म्हणे, हो, छान जातो. ते खोटंही नव्हतं. छानच जात होता. तिथेच तर घोडं पेंड खात होतं: ज्या वेळात आपल्याला सुख वाटतं त्या वेळाचे पैसे मागायला तोंड कसं उघडायचं? मग तिला कुलूपवाल्याची शीळ आठवली. तोही सुखात होता. तार कुलपात शिरली तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या पोराच्या पाठीवर हात फिरवावा तसा झाला होता. शीळ घातली म्हणून त्याचे पैसे कुणी कापले नव्हते.

तिने नवऱ्याला सांगितलं ते सकाळी, तो बूट पुसत बसला होता तेव्हा. तो बस चालवायचा. गुडघे गेले आणि त्याला घरी बसावं लागलं, तरी बूट रोज पुसायचा. तिने आकडा सांगितला. तो म्हणाला, "पण तू घरीच असतेस ना." तो हे वाईट हेतूने म्हणाला नाही. खुर्ची हलते म्हटल्यावर खाली कागदाची घडी घाल म्हणावं, तसं म्हणाला. "म्हणजे, तुला कुठे जावं लागत नाही," तो म्हणाला. "भाडं नाही, डबा नाही."

"बसमध्ये तुम्हीही बसूनच असायचात," ती म्हणाली.

त्याचा फडका थांबला. ती हे असं बोलेल याची तिलाच कल्पना नव्हती. दोघांनाही मग तो संप आठवला असावा. मुलगा लहान होता तेव्हाचा संप. ड्रायव्हर लोक डेपोच्या दाराशी सतरंज्या टाकून बसले होते, पाळीच्या वरचे तास पाळीच्याच भावाने का, जास्तीच्या वेळेचे जास्तीचे पैसे द्या, म्हणून. तो रोज दाढी करून जायचा, घोषणा देऊन घसा बसवून यायचा, आणि आल्यावर ताटावर बसून वेळ म्हणजे काय ते तिला समजावून सांगायचा. माणसाचं आयुष्य म्हणजे तास, तास विकतो म्हणजे आयुष्य विकतो, मग ते स्वस्तात का विकायचं? ती मान डोलवायची. मान डोलवताना तिच्या मांडीवर कुणाची तरी गोधडी असायची, कारण त्या दिवसांत घर गोधड्यांवर चाललं होतं. संप जिंकला. सत्कार झाला, हार पडले, पेढीवर वाढीव पगार जमा झाला. तो तेव्हा म्हणाला होता, तुझ्या गोधड्यांनी हात दिला हं. आणि तिला त्या एका वाक्याने भरून आलं होतं.

"मग काय करायचं म्हणतेस?" त्याने आता विचारलं.

"तासाचे सांगायचे," ती म्हणाली. "जिना धुणाऱ्या बाईइतके तरी."

"सांग की," तो म्हणाला आणि बुटाकडे बघत राहिला. "पण लोक येतील का?"

औषधवाली आली तेव्हा तिने तासाच्या भावाचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. भांडी विसळताना, आंघोळ करताना, जिना चढताना ते म्हणून पाहिलं होतं. कुलूपवाल्याच्या सुरात म्हणायचं, वर नाही, खाली नाही. औषधवालीने दुकानाचा पांढरा कोटसुद्धा काढला नव्हता. तिने गोधडीची घडी उलगडली, बोट फिरवत फिरवत एका फुलाफुलांच्या तुकड्याशी थांबली आणि म्हणाली, "हा झगा ती घरी घालायची. बाहेर कधीच नाही. बाहेर जायचा म्हणून तो करड्या रंगाचा." मग तिने गोधडीला गाल लावला आणि उभ्या उभ्या रडली, आवाज न करता, गिऱ्हाईक आलं तर लगेच थांबता यावं असं. आता हिच्यापुढे तासाचा भाव काय सांगायचा? ती पाणी घेऊन आली. पैशांचं विचारलं तेव्हा तोंडातून जुनाच आकडा गेला. औषधवालीने मोजून दिले, आणि मग पाकिटातून आणखी एक नोट काढून तिच्या मुठीत दाबली. "हे वरचे. तुमच्यासाठी. माझ्या आनंदाचे." ती नको म्हणाली, मग घेतली. औषधवाली गेल्यावर नोट हातात धरून ती बसून राहिली. मनाने चांगली बाई. पण वरचे म्हणजे खालचे पुरे झाले असं धरूनच ना? आनंदाचे पैसे तिच्या मर्जीवर होते, ती आज रडली म्हणून आले. रडली नसती तर आले नसते. मग तिला स्वतःची आई आठवली. आई सगळ्या गल्लीची शिवायची; फाटकं, तुटकं, बाळाचं अंथरूण, म्हाताऱ्याचं पांघरूण, आणि बदल्यात कुणी एखादं भांडं भरून काही पाठवी, कुणी नाही पाठवी. आई गेली तेव्हा एक शेजारीण म्हणाली होती, हिने कधी कुणापाशी काही मागितलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. तिलाही तेव्हा अभिमान वाटला होता, तो कितीतरी वर्षं टिकला होता, चांगल्या कापडासारखा. आज तो उजेडावर धरला तर मध्ये विरलेला दिसला. मागितलं नाही हे खरं. पण आईला काय हवं होतं, हे तरी कुणी कधी विचारलं होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, पण वाऱ्यासारखी शिरणारी, जिन्यातूनच बोलत येणारी. तिचा नवरा गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि तेव्हापासून तिचं बोलणं आणखी वाढलं होतं. गप्प बसलं तर काहीतरी ऐकू येईल असं भय असल्यासारखं. जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं हीच आणायची. आज ती एका बंगलेवाल्या मैत्रिणीचं काम घेऊन आली होती. दोन मोठ्या गोधड्या, पाहुण्यांच्या खोलीसाठी. "मी सांगून टाकलंय तिला," नणंद म्हणाली. "म्हटलं आमची वहिनी करेल, घरच्यासारखं आहे, पैशाचं काय, देशील ते घेईल."

"वन्सं, मी आता तासावर घेते," ती म्हणाली. पाठ केलेला सूर नव्हताच. आवाज मध्येच घोगरा झाला. तिने भाव सांगितला आणि एका मोठ्या गोधडीला साधारण किती तास लागतील तेही सांगितलं.

नणंद हसली, मग ही थट्टा नाही हे लक्षात येऊन थांबली. "अगं वहिनी, एवढ्यात तर दुकानातल्या चार येतील."

"येतील. दुकानातल्या घ्या म्हणावं."

"मी तिला शब्द दिलाय. माझं तोंड कुठे राहील?"

"तुम्ही शब्द दिलात, वन्सं. मला विचारलं नाहीत."

"विचारायचं काय त्यात? आजवर कधी विचारलं? मी तुझ्यासाठीच करते ना हे सगळं, दारोदार तुझं नाव घेत फिरते. नात्यात तास मोजायला लागलीस म्हणजे कमाल झाली." तिचा आवाज फुटायला आला होता. "मग मी इथे येऊन बसते त्याचेही लाव."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. तो बहिणीचीच बाजू घेईल असं तिला वाटलं. नेहमी घ्यायचा, धाकटी म्हणून. तो बराच वेळ दाराची कडी चाळवत राहिला. मग म्हणाला, "तिचं बरोबर आहे. आम्ही डेपोवर हेच मागत होतो. तेव्हा तू आम्हाला डबे आणून द्यायचीस." आणि गुडघा धरत आत निघून गेला. एवढंच बोलला. पण ते वाक्य त्या अंग चोरलेल्या खोलीत उभं राहिलं, आणि नणंदेने पिशवी उचलली. जाताना ती जिन्यातून बोलत गेली नाही, त्यामुळे तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

मग काम थांबलं. बंगलेवालीचं तर गेलंच, पण नणंद येईना म्हणून दुसरंही कुणी येईना. ती पडदे धुवायची, कपाट आवरायची, धुतलेले पडदे पुन्हा धुवायची. हातांना सवय होती, ते रिकामे राहीनात. बसमधून जाताना मांडीवरच्या पिशवीच्या कापडातून अंगठा सुई ढकलल्यासारखा फिरे. प्रत्येक वस्तू होती तशीच होती, पलंग, यंत्र, खिडकीतला उजेड, पण खोली एखाद्या बंद पडलेल्या दुकानासारखी वाटे. तिला स्वतःचा राग येई. काय मिळवलंस? आधी थोडे मिळत होते, आता तेही नाहीत. आणि पैशांहून जास्त ते दुसरंच खुपे: नणंदेचा फुटायला आलेला आवाज. आपण एका एकट्या बाईला भावाच्या घरात भाव सांगितला. हे बरोबर होतं, आणि बरोबर असून खुपत होतं, ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील ते तिला कळत नव्हतं. नवरा काही म्हणत नव्हता. एकदा फक्त म्हणाला, "संपात पहिला पंधरवडा असाच असतो. वाटतं, आपणच मूर्ख." तिला हसू आलं. तोही हसला. बऱ्याच दिवसांनी ते दोघं एकाच गोष्टीला हसले.

मग एक परिचारिका आली. औषधवालीच्या दुकानात तिने ती गोधडी पाहिली होती. औषधवाली गल्ल्यामागच्या खुर्चीवर ती घालून बसायची म्हणे. परिचारिकेची मुलगी शिकायला दूर चालली होती, आणि तिच्या लहानपणापासूनचे कपडे आईने जपून ठेवले होते. ऐकून ही गोधडीवाली पायाने चुळबुळ करत उभी राहिली, तिने तासाचा भाव सांगितला आणि पुढच्या बोलण्यासाठी तयार झाली: महाग आहे, घरीच तर असता, दुकानात मिळतं. सगळ्यांची उत्तरं तिने मनात रांगेत उभी केली होती. परिचारिका म्हणाली, "ठीक आहे. किती तास होतील साधारण?" आणि ऐकून, "बरं. अर्धे आता देऊ?" उत्तरं रांगेत उभीच राहिली. तिला एकदम हलकं वाटलं आणि फसवल्यासारखंही वाटलं. इतका मोठा दरवाजा, ढकलायला अंगात बळ गोळा करून यावं आणि तो नुसता लोटलेलाच असावा. परिचारिका जाता जाता म्हणाली, "मीही पाळीवरच असते. रात्रपाळीचे जास्त मिळतात, म्हणून रात्रीच घेते." यात सल्ला नव्हता, तक्रार नव्हती. दोन कामकरी बायका एकमेकींशी बोलाव्यात तसं ते बोलणं होतं, आणि इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी असं बोलणं आपलं कधी झालं नव्हतं, हे तिला उशिरा जाणवलं.

ती गोधडी शिवताना तिने घड्याळ समोर न ठेवता मागे ठेवलं. सुरू करताना बघायचं, उठताना बघायचं, मधल्या वेळात ते तिच्या पाठीशी. घड्याळबाई मागे उभी आहे असं पहिल्या दिवशी वाटलं, नंतर वाटेना. बघणंही तिने पूर्ण धरलं, निम्मं नाही. एका बाजूच्या दोन ओळी वाकड्या गेल्या तेव्हा मात्र अडली. उसवून पुन्हा घातलेल्या टाक्यांचा तास कुणाचा? गिऱ्हाइकाने का द्यावा? तिने तो सोडून दिला. मग वाटलं, बस चुकीच्या रस्त्याला लागली तर नवऱ्याचा पगार कापत नव्हते. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "एखाद्या वेळी नाही कापायचे. रोज चुकला तर काढून टाकायचे." दोघांनी यावर पुष्कळ खल केला, वाफाळता चहा निवेपर्यंत, आणि शेवटी अर्धा तास तिचा, अर्धा परिचारिकेचा असा तोडगा निघाला. आणि सुख? ते गेलं नव्हतं. ती आधी चाचपडत होती, जीभ दाताच्या खळग्यात घालून बघावी तशी रोज तपासून पाहत होती. पिवळ्याशेजारी तपकिरी बसला की पोटात जे गोड हलतं, ते हललं. त्याला भाव ठाऊक नव्हता.

नणंद आली ती एका ढगाळ दुपारी. येताना जिन्यातून बोलली नाही, हे पहिल्यांदा. दार उघडलं तर ती दोन्ही हातांनी एक पेटी छातीशी धरून उभी होती, जुनी, कातडी पट्ट्यांची. भाऊ बाहेर गेलाय म्हटल्यावर, "असू दे, तुझ्याकडेच आलेय," म्हणाली आणि सरळ खिडकीच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. पेटी मांडीवर तशीच. कितीतरी वेळ पट्ट्याच सोडेना. मग सोडल्या. आत शर्ट होते, पुरुषाचे, इस्त्री केलेले, घड्या ओळीने लावलेल्या. नवरा गेल्यावरसुद्धा हिने ते इस्त्री करून ठेवले होते. किती वेळा केले असतील, कोण जाणे. काहींच्या घड्यांच्या रेघा पांढऱ्या पडल्या होत्या.

"याची कर," नणंद म्हणाली.

ती तिच्याशेजारी बसली. त्या दिवशीचं काही काढावं का, माफी मागावी का, आणि मागायची तर कशाची. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला घरच्या भावाने करते, वन्सं."

"नको." नणंदेने मान वरही केली नाही. "तासाने लाव. पूर्ण लाव." ती वरच्या शर्टाची बाही सरळ करत राहिली. "तू उसवशील ना हे सगळे? कॉलर, खिसे?"

"उसवावे लागतील."

"मग मी इथे बसले तर चालेल? उसवत असशील तेव्हा. मी मध्ये बोलणार नाही. खरंच नाही बोलणार." आवाज तसाच होता, त्या दिवशीसारखा, फुटायच्या बेतात, पण या वेळी तिने त्याला आवरलं नाही. "घरी मी एक खिसा उसवायला घेतला होता. कात्री धरली आणि ठेवून दिली. कुणीतरी शेजारी असलं तर होईल असं वाटलं. म्हणून म्हटलं, तास विकत घेते. म्हणजे तुझ्यावर उपकार नको, माझ्यावर नको. ते तास माझे म्हणून बसते."

तिने पेटीतला वरचा शर्ट उचलला. निळ्या बारीक रेघांचा. हा माणूस कमी बोलायचा, दारात आला की आधी पायपुसण्यावर बूट घासत राहायचा. तिने शर्ट खिडकीच्या उजेडावर धरला. कापड चांगलं होतं, फक्त कोपरांशी विरलं होतं. तिने उसवायची बारीक कात्री घेतली, कॉलरच्या टाक्याखाली टोक घातलं आणि पहिला दोरा कापला. टक् असा आवाज झाला. नणंदेने डोळे मिटले, मग उघडले आणि सरकून जवळ बसली, खांद्याला खांदा लागेल अशी.

"मला घाई नाही," नणंद म्हणाली. "सावकाश कर."

"सावकाश केलं तर महाग पडेल, वन्सं."

"पडू दे," नणंद म्हणाली, आणि सुटलेला दोरा उचलून बोटाभोवती गुंडाळू लागली.